जर्मनीची मंदी, घोटीची सावड

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमच्या कारखान्यात एक खोली होती, तिच्यात बारा महिने वीस अंश तापमान असायचं. बाहेर मे महिन्यात पत्रे तापून कडकड वाजत असोत की डिसेंबरात चहाचा कप धरल्याशिवाय बोटं वळत नसोत, आत वीस म्हणजे वीस. लोखंड तापलं की फुगतं, गार झालं की आक्रसतं, म्हणून मोजमाप वीस अंशांवरच खरं धरायचं असा जगाचा कायदा आहे. त्या खोलीत मी बसायची. तपासनीस. मला सगळे ताई म्हणायचे, साहेब, म्हणजे मालक, तेवढे मॅडम म्हणायचे. माझ्याआधी आमच्या घरात कुणी गार हवेत बसून काम केलं नव्हतं, आणि हे मी कुणी विचारो न विचारो, सांगून मोकळी व्हायची.

आम्ही एकच वस्तू करायचो. पोलादी पिन, तांदळाच्या दाण्याहून जरा लांब. ती जायची जर्मनीच्या दक्षिणेकडच्या एका गावात. तिथल्या कारखान्यात छपाईच्या भल्यामोठ्या मशीन बनत. त्या मशीनमध्ये कागद उचलणारे चिमटे असतात, आणि त्या चिमट्यांच्या सांध्यात आमची पिन. ती मशीन मी कधी पाहिली नाही. पण दुपारी जेवण झालं की काचेपलीकडे ग्राइंडरचा एकसुरी आवाज चालू असायचा, पंख्याशिवायची ती गार शांतता अंगावर यायची, आणि मला दिसायचं: एक पांढराशुभ्र हॉल, त्यात आगगाडीएवढी मशीन, आणि कोरे कागद एकामागून एक उठतायत, जसे काही आपण होऊन. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्याला आमचं पोलाद. किती वेळ अशी बसायची देव जाणे. मामा काचेवर टिचकी मारायचे, "ताई, जर्मनीला गेल्या का?"

मामा म्हणजे आमचे ग्राइंडरवाले. घोटीच्या पुढचे, डोंगरकडचे. पन्नाशी उलटलेली. पिनला शेवटचा हात त्यांचाच लागायचा. बोटांच्या चिमटीत पिन फिरवून सांगायचे, "ही जाड हाय," आणि मी मोजायची तर खरंच एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे एक-दोन हजारांश, जाड निघायची. कारखान्यात कामगार आठ, आणि आठही घोटी-इगतपुरीकडचे. मामांनी पहिल्याला आणलं, पहिल्यानं मेव्हण्याला, मेव्हण्यानं गाववाल्याला. छोट्या कारखान्यांत भरती अशीच होते. नववी मी, शहरातली, नाशिकरोडच्या वस्तीतली.

जर्मनीहून दर वर्षी एक इंजिनिअर यायचा. उंच, लाल, पायाला मोजे न घालणारा. मिसळ खाताना त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं आणि तरी वाटी पुढे करायचा. मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन थोडं जर्मन शिकले होते, त्यामुळे त्याच्या ईमेल माझ्याकडेच यायच्या. व्याकरण माझं दिव्यच, पण त्याला गंमत वाटायची.

तर त्या वर्षी जगात मंदी आली. आली म्हणजे काय, आमच्या गल्लीत कुणी ढोल वाजवून सांगितलं नाही. टीव्हीवर परदेशातल्या बँका पडल्याचं दाखवत होते, टाय लावलेली माणसं खोकी घेऊन बाहेर पडत होती, आणि आम्ही चहा पीत म्हणत होतो, बरं झालं, लय माजले होते. आपल्याला काय त्याचं? आपण बरं नि आपलं काम बरं. मग हळूहळू ईमेल यायच्या कमी झाल्या. आधी महिन्याचा लॉट निम्मा झाला. मग तयार पिनांची खोकी न खपलेल्या केळ्यांसारखी कोपऱ्यात पडून राहिली. न्यायला कुणी नाही.

मी इंजिनिअरला विचारलं, झालंय तरी काय? त्यानं लांबलचक उत्तर पाठवलं. ते मी दोन दिवस शब्दकोश घेऊन वाचत बसले, आणि जर्मनीचं दुखणं मला पहिल्यांदा नीट कळलं. तो म्हणत होता, आमचा देश दुकानदार नाही, आमचा देश लोहार आहे. आम्ही जगाला मशीन करून विकतो. घरात भाकरी कमी पडली तर माणूस भाकरी सोडत नाही, पण नवा नांगर मात्र पुढच्या वर्षावर ढकलतो. आता सगळ्या जगानं एकाच वेळी नांगर पुढच्या वर्षावर ढकलला. छापखाने बंद पडतायत, बँका कर्ज देत नाहीत, मग छपाईची मशीन कोण घेणार? आमच्या बँकांनीही परदेशातल्या बुडीत कर्जांचे भलतेच कागद घेऊन ठेवले होते, त्यात हात पोळले. पण खरा मार बसला तो निर्यातीवर. आमच्या कारखान्याच्या अंगणात मशीन ताडपत्रीखाली उभ्या आहेत, हिवाळाभर त्यांच्यावर बर्फ पडत होतं.

ते बर्फ माझ्या डोक्यातून जाईचना. नाशिकच्या उन्हात बसस्टॉपवर उभी असताना मला ते दिसायचं. ताडपत्रीवर पडलेलं, आवाज न करता साचणारं. आणि आत, चिमट्याच्या सांध्यात, आमची पिन, गारठून एखादा मायक्रॉन आक्रसलेली. मला उगाचच वाटायचं, जाऊन पांघरूण घालावं.

ईमेलमध्ये पुढे एक शब्द होता, कुर्त्सआर्बाइट. आखूड काम. म्हणजे कारखान्यानं माणसं काढायची नाहीत. सगळ्यांनी कमी दिवस यायचं, पगार तेवढा कमी, आणि जो कमी पडला त्यातला बराचसा भाग सरकार भरणार. शिवाय चांगल्या वर्षांत लोकांनी जादा तास काम करून ते तास साठवून ठेवलेले. पैसे नव्हे हो, तास! आता तो साठा काढून लोक घरी बसत होते. आमचा इंजिनिअर सोमवार ते बुधवार कामावर जायचा आणि गुरुवारी घराच्या खिडक्यांना रंग लावायचा. "सगळ्या खिडक्या झाल्या," त्यानं लिहिलं होतं, "आता बायको म्हणते शेजाऱ्यांच्या लाव. गाव फार शांत झालंय. बेकरीसमोरही कुणी मोठ्यानं बोलत नाही. आम्हाला भीती वाटते, पण आम्ही सगळे एकत्र घाबरलेलो आहोत."

हे मी साहेबांना वाचून दाखवलं. साहेब चांगला माणूस होता, उगाच का बोलू. पण त्या दिवशी त्यांचं लक्ष नव्हतं. वाचून झाल्यावर ते टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मॅडम, त्यांचं ठीक आहे. मला निम्म्याच पगारांची सोय करता येईल. चार माणसं ठेवता येतील. आणि तपासणी... तपासणी मी स्वतः करीन म्हणतो."

म्हणजे मी गेले. इतक्या सरळ.  मी म्हटलं, "तुम्ही करणार? चष्मा लावल्याशिवाय तुम्हाला मायक्रोमीटर कुठे ठेवलाय ते दिसत नाही, साहेब!" बोलून गेले आणि मग जीभ चावली. माझा स्वभाव हा असा. दादा म्हणायचे, हिच्या तोंडाला वीस अंशांची खोली हवी होती.

दादा म्हणजे माझे वडील. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर उभी हयात काढलेले, तेव्हा निवृत्त. आई गेलेली, भाऊ सुरतेला. घरात मी आणि ते. घर चालायला नोकरी लागत होतीच, ती कुणाला लागत नाही? पण खरं सांगते, मला भीती वाटली ती त्या खोलीची. ती गेली तर मी कोण? परत कुणाच्या दारात जाऊन 'काही काम आहे का' विचारणारी आमच्या घरातली आणखी एक.

मामा दाराशी चहाचा ग्लास घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, माझा उर्मटपणासुद्धा. आत येऊन म्हणाले, "साहेब, त्या जर्मनीवाल्यांनी जे केलंय ती सावडच म्हनायची की."

साहेब शहरातले. त्यांना सावड ठाऊक नव्हती. मामांनी सांगितली. भाताची आवणी, म्हणजे रोपं उपटून खाचरात लावायची, ती एकट्याच्यानं होत नाही आणि थोडक्या दिवसांत उरकावी लागते. मग आज सगळे मिळून याच्या शेतात, उद्या त्याच्या. मजुरी नाही. तू माझा एक दिवस भरलास, मी तुझा एक दिवस भरतो. जेवण ज्याचं शेत त्याचं. "आता मंदी हाय तर सगळ्यांनीच तीन-तीन दिस यायचं. निम्मा पगार. बाकीचे तीन दिस आमी एकमेकांच्या आवण्या उरकू. मजूर मिळत नाय, मिळाला तर परवडत नाय. आमचं त्यात भागतंय. पन कुनाला काढायचं नाय."

साहेबांनी विचारलं, "नऊच्या नऊ?"

तेव्हा मामांच्या मागून, दारातून एकजण पुटपुटला. लेथवरचा, मामांचाच भाचा लागत होता. "ताईंना शेत कुठंय? सावडीत शेत लागतं. त्यांचे तीन दिस आमच्यात वाटले तर आमाला तरी बरं पडंल."

खोटं काय बोलला तो? खरंच होतं ते. म्हणूनच झोंबलं. आमच्याकडे शेत नव्हतं. कधीच नव्हतं. दादांचा जन्म घोटीच्याच पलीकडच्या एका गावातला, पण गावाबाहेरच्या अंगाला. त्यांच्या आईबापांनी जन्मभर लोकांची आवणी केली, पण सावडीनं नाही. सावड बरोबरीच्यांत होते.

मामा त्या भाच्याकडे वळले. "शेत नसलं तर हात हायेत ना त्यांना? ताई, याल का आवणीला?"

"येईन की! का नाही येणार?" मी म्हणाले. मला रोप कुठून धरायचं ते माहीत नव्हतं. पण राग आला की माझ्या तोंडून 'हो' निघतं आणि अक्कल मागून चालत येते. साहेब 'बघू महिनाभर' म्हणाले. म्हणजे माझी खोली आता चिखलावर टांगलेली होती. मी आठ शेतांत टिकले तर ती राहणार, नाही तर लेथवाल्याचं म्हणणं खरं ठरणार.

घरी सांगितलं. दादा पेपर वाचत होते. त्यांनी तो घडी करून बाजूला ठेवला, आणि मला कळलं की आता काही खरं नाही.

"कुठं जाणार म्हणालीस?"

"घोटीकडं. आवणीला."

"त्या चिखलातून बाहेर पडायला मी एक जन्म घातला," दादा म्हणाले, "आणि तू शिकूनसवरून परत तिथंच निघालीस? लोकांची रोपं लावायला?" त्यांचा आवाज चढला नाही, थरथरायला लागला. ते जास्त वाईट. "जर्मन बोलतीस ना तू?"

"दादा, ही मजुरी नाही. सावड आहे."

"आपल्याला कुणी सावडीत घेत नसतं," ते म्हणाले आणि उठून बाहेर जाऊन बसले.

पहिल्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं निघाले. घोटीला मामा उभे होते. तिथून जीपनं पुढे. आणि मग... ते मला आजही नीट सांगता येत नाही. ढग इतके खाली उतरलेले की डोंगर कमरेपर्यंतच. समोर खाचरंच खाचरं, पाण्यानं भरलेली, आणि त्यांच्यात आभाळ. कुठे जमीन संपली नि कुठे आभाळ सुरू झालं ते कळत नव्हतं. वीस-पंचवीस माणसं डोक्यावर प्लास्टिकचे कागद बांधून वाकलेली आणि मागे मागे सरकत चाललेली. पुढे नाही, मागे. आवणीत माणूस मागे सरकतो आणि त्याच्यासमोर हिरवं वाढत जातं. बारीक पाऊस, चिखलात बुडणाऱ्या हातांचा पचक पचक आवाज, आणि घाटातून कुठून तरी इंजिनाची लांबलेली शिट्टी. मला वाटलं, मी जागी आहे ना?

"ताई, लागा!" मामींनी हाक मारली. मामी म्हणजे मामांची बायको, एवढीशी बाई, आवाज मात्र डोंगरापलीकडे जाणारा. त्यांनी माझ्या हातात रोपांची जुडी कोंबली. "तीन-चार काड्या घ्यायच्या. अंगठ्यानं दाबायचं. लय खोल नाय, लय वर नाय."

"किती अंतरावर?" मी विचारलं.

"आता! मोजताय काय? ईतीवर!" आणि त्यांनी हाताची वीत पसरून दाखवली.

पण मी मोजायचीच. काय करू, सवय. माझी ओळ सगळ्यात मागे पडायची पण रेघेसारखी सरळ. पोरी हसून हसून बेजार. "ताईंचं भात इमानानं जानार बया, जर्मनीला!" दुपारपर्यंत माझी कंबर माझी राहिली नव्हती.

जेवायची वेळ झाली. सगळे हातपाय धुऊन बांधावर बसले. मी माझी पिशवी उचलली आणि पलीकडच्या बांधावर, एकटीच, जाऊन बसले. घरून डबा आणला होता: पोळी, बटाट्याची भाजी. दादांचे बोल डोक्यात घोळत होते. आपल्याला कुणी घेत नसतं. मी म्हटलं, कुणी काही म्हणायच्या आत आपणच लांब बसलेलं बरं. मानानं. डब्याचं झाकण उघडलं आणि समोर मामी उभ्या. त्यांचा चेहरा बघून माझा घास हातातच राहिला.

"हे काय?"

"डबा."

"सावडीला डबा?" मामी ओरडल्याच. सगळा बांध बघायला लागला. "माझ्या शेतात राबून सोताचा डबा खानार? आमी काय मेलो काय? अहो, काय म्हनतील लोक, हिच्या घरी मानसं उपाशी ऱ्हायली म्हनून डबा घेऊन आली!" आणि त्यांनी माझ्या हातातला डबा काढून झाकण लावून बांधावर ठेवून दिला. मग दंड धरला आणि मला ओढत नेलं, चिखलाच्या पायांनी, आणि दोन बायांना ढुंगणं सरकवायला लावून मधोमध बसवलं. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, वर मिरचीचा ठेचा. मामींनी स्वतःच्या हातानं वाढलं. मला रडू आलं. पाऊस होता म्हणून बरं झालं.

सावडीला डबा आणणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार कसं? जन्मात कुणी सावडीला बोलावलंच नव्हतं तर रीत कुठून कळणार?

संध्याकाळी घरी आले. दादा अजून अबोल्यातच. मी पाय गरम पाण्यात घालून बसले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जेवायला कुठं बसवलं?"

एवढंच विचारलं. 'थकलीस का' नाही, 'पाय दुखतात का' नाही.

मी सांगितलं. डब्याचंही सांगितलं, मामींनी ओढत नेल्याचंही, कुणाच्या शेजारी बसवलं, काय वाढलं, कुणाच्या तांब्यातून पाणी प्याले, सगळं. दादांनी ऐकलं. "त्याच तांब्यातून?" मध्ये एकदा विचारलं. मी हो म्हणाले. मग ते उठले, कोकमाचं तेल गरम करून आणलं आणि माझ्या टाचांच्या भेगांना लावायला लागले. मी नको नको म्हणत होते. पुढच्या दिवसापासून पहाटे मला उठवायचं कामही त्यांनीच घेतलं.

आठ शेतं झाली. आठवं त्या लेथवाल्या भाच्याचं. त्याच्या बायकोनं मला दुसऱ्यांदा आमटी वाढली तेव्हा तो दुसरीकडे बघत बसला होता. कारखान्यात त्यानं परत शेताचा विषय काढला नाही, आणि साहेबांनीही तपासणीचा काढला नाही. आठवड्याचे तीन दिवस मी माझ्या वीस अंशांत बसायची. पिना मोजक्याच यायच्या. पिन उचलताना नखांतला चिखल दिसायचा आणि मला डुलकी लागल्यासारखं व्हायचं. बर्फाखालची मशीन आणि पाण्यातली रोपं एकमेकांत मिसळून जायची.

मी इंजिनिअरला हे सगळं लिहिलं. आमच्याकडेही आखूड काम आहे म्हणून. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: "पण उरलेले पैसे तुम्हाला कोण देतं?" मी लिहिलं, कुणी नाही, माणसंच एकमेकांना दिवस देतात.  मग त्याची ईमेल आली, की ते त्यानं त्याच्या कारखान्याच्या जेवणघरात वाचून दाखवलं, आणि एका म्हाताऱ्या फिटरनं विचारलं की त्या गावात जावई म्हणून कुणाला घेतात का.

भात पिवळं पडायला लागलं तोवर जर्मनीचा जीव परत येत होता. दूरच्या देशांतून, चीनमधून म्हणे, मशीनची मागणी सुरू झाली. आणि मग कळलं, त्या आखूड कामाचं मोल काय ते. त्यांनी माणसं सोडलीच नव्हती. शेजारच्या देशांतले कारखाने नवी माणसं शोधत, शिकवत बसले होते, आणि यांनी ताडपत्री काढली, बटण दाबलं, कामाला लागले. जुनेच हात, जुन्याच जागा. आमच्याकडे तातडीची ऑर्डर आली, आठ दिवसांत लॉट हवा. साहेब कागद हातात घेऊन धावत शॉपमध्ये आले. आम्ही नऊच्या नऊ तिथेच होतो. मामांनी पहिली पिन चिमटीत फिरवली, म्हणाले, "बरोबर हाय." मी मोजली. बरोबर होती.

इथवरची गोष्ट मी साहेबांच्या निरोप समारंभात सांगितली होती, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढची नाही सांगितली.

कापणी, झोडणी झाल्यावर एका रविवारी सकाळी आमच्या वस्तीत आठ माणसं आली. मामा पुढे. कुणाच्या खांद्यावर फावडं, कुणाच्या हातात घमेलं, भाच्याकडे थापी आणि ओळंबा. शेजारपाजारचे दारात येऊन बघायला लागले, म्हणाले महापालिकेची माणसं आली वाटतं, अतिक्रमण पाडायला. दादा बाहेर आले.

"बाबा," मामा म्हणाले, "कारखान्यात सगळ्यांनीच सारखं आखडून घेतलं, तिथं कुनाचं कुनावर काय नाय. पन शेतातलं येगळं. ताईंनी आमच्या आठ घरी आठ दिस भरलेत. ते फेडायला आलोय. काम सांगा."

दादा उंबऱ्यावर उभे राहिले. मी मागून बघत होते. काम काय कमी होतं? मागची भिंत पोट काढून उभी होती, मोरीचं पाणी अंगणात येत होतं. मी म्हणाले, "दादा, मागची भिंत..." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प.

"आधी बसा," ते म्हणाले. चटई टाकली. चहा झाला, पोहे झाले. मामांनी ग्लास ठेवला. "हां बाबा. काम?"

"काम नाही."

"असं कसं? सावड अंगावर ठिवत नसतात."

दादांनी हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आमच्या बापानं तुमच्याच बाजूला जन्मभर आवणी केली. दिवस बुडाला की शेर-पायली दाणे पदरात टाकायचे. मिटलं. दुसऱ्या दिवशी ओळख नाही. आमचे दिवस कुणी फेडायला आलं नाही, कारण आमचं कुणी काही लागतच नव्हतं." त्यांनी मामांकडे बघितलं. "पहिल्यांदा लागतंय. जरा लागू द्या. राहू द्या तुमच्या अंगावर."

 भाचा हातातला ओळंबा गुंडाळत बसला. मग मामा म्हणाले, "बरं. ऱ्हाऊ द्या." आणि ते आठही जण अवजारं उचलून तशीच परत घेऊन गेले.

ती भिंत पुढच्या पावसाळ्यात पडली. दादांनी गवंडी बोलावून रोख मजुरी देऊन बांधून घेतली. मी म्हटलं, मामांना निरोप देऊ का? तर म्हणाले, खबरदार.

आता पेपरात पुन्हा येतं, जर्मनी थकली म्हणून, कारखाने मंदावले म्हणून. मी वाचते. आमचा कारखाना दुसऱ्या कुणाकडे गेला, मी दोन वर्षांपूर्वी बाहेर पडले. इंजिनिअर म्हातारा झाला, नाताळला खिडक्यांचा फोटो पाठवतो.

दादा गेल्या वर्षी गेले. मी कुणाला कळवलं नव्हतं, सुचलंच नाही. पण कुणाकडून कळलं कोण जाणे, दुपारपर्यंत घोटीहून जीप आली. आठातले सात होते. एकजण आधीच गेलेला, त्याचा मुलगा आला होता. मामा आता सत्तरीच्या पुढचे, वाकलेले. त्रिसरण झालं, तिरडी उचलायची वेळ आली, तेव्हा ते कुणाला न विचारता पुढे झाले आणि खांदा दिला. बाकीचेही लागले. वस्तीतून मोठ्या रस्त्यापर्यंत दादांना त्यांनीच नेलं, आळीपाळीनं, खांदा बदलत.

परतताना मी मामांचे हात धरले. म्हणाले, "मामा, फिटलं हो सगळं. आठ दिवस फिटले."

मामांनी हात सोडवून घेतले. चांगलेच रागावले होते.

"हे त्यात धरायचं नाय, ताई."